प्रलंबित

माझं काम ऐकण्याचं.
बोलून झालेलं, थंड झालेलं ऐकायचं
आणि गुण द्यायचे.

ग्झिरा, माल्टा. समुद्र दिसतो, पण फक्त जिन्यातून.
चार वर्षांपूर्वी आम्ही पेस्ट्रीच्या दुकानावरच्या खोलीत होतो,
अकरा हेडफोन, एक पंखा,
केसांना कायम तळल्या रिकोटाचा वास.
आता तीन मजले आहेत
आणि लिफ्टशेजारी एक आलेख,
दर सोमवारी छताच्या बोटभर जवळ जाणारा.
जुगार आम्ही खेळवत नाही, आम्ही नुसता पूल:
पैसे इकडून तिकडे, तिकडून इकडे.
हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात.

पैसे आत जायला चार सेकंद लागतात,
बाहेर यायला दोन दिवस.
त्या दोन दिवसांचं नाव 'प्रलंबित'.
घोंगडं मुद्दाम भिजत ठेवायचं
आणि शेजारी हिरवं बटण:
विचार बदलला? परत खेळा.

फेब्रुवारी. पहाटेचे चार एक्कावन्न.
फोनवर आमची सिर्कू, कायानीची, चोवीस वर्षांची,
उन्हाने सोललेलं नाक घेऊन फिरणारी.
पलीकडे तौनो, केमियार्वीहून.
तिथे उणे एकतीस होतं, असं तो तीनदा म्हणाला,
तक्रार नव्हती, नुसती माहिती.

"पैसे लवकर नकोत मला," तो म्हणाला.
"मलाच परत घेता येऊ नयेत, असं काही करा.
एकवीसशे चाळीस. बायकोच्या दातांचे आहेत.
हात शिवशिवतायत."

मला कळा वाजताना ऐकू येतात.
सिर्कूने सगळे मेनू उघडून पाहिले.
तसलं कुलूप आम्ही बनवलेलंच नाही.
पैसे सुटणार होते सहाला.
कॉलची मर्यादा सात मिनिटं.

इथे लिहिलेलं वाक्य असं आहे:
'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.'
ती म्हणाली, "तुम्ही बर्फाखाली जाळं कसं लावता?
आमचे वडील लावायचे. मी कधी नीट विचारलंच नाही."

बराच वेळ काही नाही.
मग म्हाताऱ्याने घसा खाकरला
आणि पहिलं भोक पाडलं.

फळी कशी सोडायची बर्फाच्या पोटाखाली,
दोरीच्या हिसक्याने ती कशी सरकते टकटक करत,
वरून कुणीतरी कान लावून चालायचं,
आवाज थांबला की तिथेच दुसरं भोक.
"दोघं लागतात," तो म्हणाला.
"एक ओढायला, एक ऐकायला."
ती मधेमधे "मग?" म्हणत राहिली.
पाच तेराला माझ्या पडद्यावर तिची पट्टी पिवळी,
पाच वीसला लाल.
पाच एक्केचाळीसला त्याने विचारलं, "आता दाबलं तर?"
ती म्हणाली, "भोक गोठत नाही का मधल्या वेळात?"
"गोठतं ना. फरची फांदी रोवून ठेवायची."

सहा वाजून चार सेकंद. 'पाठवले.'
दोघांनीही आभार मानले नाहीत.
"बरं तर," तौनो म्हणाला. "कॉफी ठेवतो."

आता माझा तक्ता:
मर्यादेचं पालन: शून्य.
लिहिलेली वाक्यं: शून्य.
नवी सवलत सांगितली का: नाही.
निरोप घेताना कंपनीचं नाव: नाही.
सहानुभूती: पाचपैकी.

तौनोचं खातं मला दिसतं.
नऊ दिवसांनी, शुक्रवारी रात्री, पन्नास युरो आत.
चार सेकंद.
दातांचं काय झालं, त्याला रकाना नाही.

सिर्कूला बोलावलंय साडेदहाला.
तोवर मी पुन्हा मागे जातो, पाच दोनवर,
आवाज वाढवतो,
आणि बर्फाखालून सरकणारी फळी
कुठे थांबते, ते ऐकत बसतो.